कंबरदुखी आणि आखडलेला ओटीपोटाचा तळ: आवळण्याआधी सैल सोडायला शिका

कंबर दुखू लागली की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. पट्टा बांधा, सतरंजीवर झोपा, पोटाचे स्नायू बळकट करा, आणि दुखणे बाईचे असेल तर लघवीच्या जागेचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करा. यांतला शेवटचा सल्ला मी फार निष्ठेने पाळला. नागपुरातील एका कार्यालयात दिवसाचे सात-आठ तास खुर्चीवर आणि तासभर दुचाकीवर काढणारी मी, कंबरदुखीच्या दुसऱ्या वर्षी मोबाइलवर पाहून रोज शंभर वेळा ते स्नायू आवळत होते. दीड महिन्यात कमरेच्या जोडीला माकडहाड दुखू लागले आणि लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागू लागला. एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक चकती किंचित बाहेर आल्याचे दिसले होते, त्यामुळे सगळे खापर तिच्यावरच फुटत होते. पुढे ज्या फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्यांनी कमरेला हात लावण्याआधी लघवी आणि शौच कसे होते हे विचारले, आणि माझे दुखणे दुबळ्या स्नायूंचे नसून सैल सोडताच न येणाऱ्या स्नायूंचे आहे, हे तपासणीनंतर सांगितले.

ज्यांची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते आहे, तपासण्यांत गंभीर काही निघालेले नाही, नेहमीच्या व्यायामाने आराम पडण्याऐवजी त्रास वाढतो आहे आणि त्याच्या जोडीला लघवी, शौच, बसणे किंवा शरीरसंबंध यांपैकी कशाची तरी तक्रार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. पुरुषांनी हे बायकांचे दुखणे समजून बाजूला ठेवू नये. हे स्नायू त्यांनाही असतात, आणि ते आखडले की वृषणांत, लिंगाच्या टोकाशी किंवा गुदद्वाराजवळ दुखते. अशा कित्येकांना प्रोस्टेटला, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीला, जंतुसंसर्ग झाल्याचे समजून प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले जातात, आणि लघवीच्या तपासणीत जंतू मात्र सापडत नाहीत.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. कंबरदुखीबरोबर बसण्याच्या जागेला, म्हणजे घोड्यावर बसल्यास खोगिराला टेकेल तेवढ्या भागाला, बधिरपणा आला, लघवी अचानक तुंबली किंवा शौचावरील ताबा सुटला, किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर तो व्यायामाचा विषय नाही. मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात आणि त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा लागतो. ताप, कारणाविना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याझडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारी कळ, किंवा लघवीतून रक्त जाणे, यांपैकी काही असल्यासही आधी डॉक्टर, मग बाकीचे. गरोदर स्त्रियांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी पुढील कोणताही व्यायाम आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

हा तळ असतो कुठे

पुढे जांघांच्या मधोमध हाताला लागणारे हाड, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंना ज्यांवर आपण बसतो ती हाडे, या चार टोकांच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. डॉक्टर तिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. मी ओटीपोटाचा तळ म्हणेन. मूत्राशय, मलाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय यांना खालून आधार देणे, लघवी आणि शौचाची वाट बंद ठेवणे व योग्य वेळी ती मोकळी करणे ही तिची कामे. यांतले बंद ठेवण्याचे काम सर्वांना ठाऊक असते, पण मोकळे करणे हेही त्याच स्नायूंचे काम आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

कमरेशी तिचा संबंध दोन वाटांनी येतो. एक तर ही झोळी मागे माकडहाडाला आणि त्याच्या वरच्या त्रिकास्थीच्या कडेला चिकटलेली असते, आणि खुब्याच्या आतल्या अंगाचा, मांडी बाहेर वळवणारा एक स्नायू तिला थेट जोडलेला असतो. त्यामुळे तळाचा ताण पुठ्ठ्यात (नितंबात), खुब्यात आणि कमरेच्या अगदी खालच्या भागात जाणवू शकतो. दुसरी वाट श्वासाची आहे. वर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा स्नायू, खाली हा तळ, पुढून व बाजूंनी पोटाचा सर्वांत आतला स्नायू आणि मागे मणक्यांना बिलगलेले छोटे स्नायू, असा धडाचा एक डबाच तयार होतो. श्वास आत घेताना त्याचे झाकण खाली येते आणि तळही किंचित खाली सरकून जागा देतो. श्वास सोडताना दोन्ही पुन्हा वर जातात. तळ खाली सरकलाच नाही, तर श्वास छातीतच अडकतो, पोट ताठ राहते आणि मणक्याला सावरण्याचे काम कमरेचे मोठे स्नायू विनाकारण दिवसभर करत बसतात.

आधी कंबर दुखली की आधी तळ आखडला, हे शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. दुखले की शरीर तो भाग राखण्यासाठी आवळून धरते, आणि आवळून धरल्याने पुन्हा दुखते. गुदद्वाराला पडलेली चीर, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), बाळंतपणातील टाके, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, पोट सपाट दिसावे म्हणून ते सतत आत ओढून ठेवण्याची सवय, मनावरचा दीर्घ ताण किंवा पूर्वी सोसावा लागलेला अत्याचार, यांपैकी कुठलेही कारण या चक्राला पहिला धक्का देऊ शकते. अर्थात प्रत्येक कंबरदुखीचे मूळ या तळातच असते असेही नाही.

आखडलेला स्नायू म्हणजे बळकट स्नायू नव्हे, ही गोष्ट गळी उतरायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. बाजाराची जड पिशवी तासभर धरून बोटे अवघडली की त्याच हाताने साधे कुलूपही उघडत नाही. या तळाचेही तसेच होते. म्हणून शिंकताना लघवीचा थेंब गळतो एवढ्यावरून स्नायू सैलच आहेत असा निष्कर्ष काढू नये. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये मांडलेला आवळण्याचा व्यायाम बाळंतपणानंतर दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठी उत्तमच आहे, पण जे आधीच आवळलेले आहेत त्यांना आणखी आवळायला लावून काय साधणार? योगवर्गात शिकवल्या जाणाऱ्या मूलबंधालाही, म्हणजे हेच स्नायू वर ओढून धरण्याच्या क्रियेलाही, हेच लागू आहे. आखडलेला तळ असणाऱ्यांनी तो तूर्त बाजूला ठेवावा.

स्वतःला ओळखण्याची रीत

लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागणे, ती मध्येच तुटणे, होऊन गेल्यावरही राहिल्यासारखे वाटणे. शौचाला कुंथावे लागणे आणि तरीही पोट साफ न होणे. अर्धा-पाऊण तास बसले की माकडहाडापाशी दुखणे. शरीरसंबंधाच्या वेळी किंवा नंतर वेदना होणे, ही लक्षणे आखडलेल्या तळाकडे बोट दाखवतात. घरच्या घरी आणखी एक अंदाज घेता येतो. टणक खुर्चीवर बसून, एका छोट्या टॉवेलची सैल गुंडाळी दोन्ही पायांच्या मध्ये लांबीच्या दिशेने ठेवावी आणि तिच्यावर हलकेच भार द्यावा. लघवी थांबवल्यासारखे स्नायू एकदाच, हळूच वर ओढावे आणि मग सोडावे. ओढल्याचे जाणवले पण सोडल्याचे जाणवलेच नाही, किंवा ओढल्याचेही जाणवले नाही कारण ते आधीच वर होते, तर तळ आखडलेला असण्याची शक्यता बळावते. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. निदान हाताने तपासूनच होते.

आधी श्वास

सगळ्या उपायांत मी श्वासाला पहिला मान देते, आणि एकच गोष्ट करण्याएवढा वेळ असेल तर हीच करावी असे सुचवते. जमिनीवर चटई टाकून पाठीवर झोपावे आणि पोटऱ्या खुर्चीवर किंवा दिवाणावर अशा ठेवाव्या की खुबे आणि गुडघे दोन्ही काटकोनात येतील. या स्थितीत कमरेवरचा भार पुष्कळ कमी होतो. एक हात बरगड्यांच्या खालच्या कडेवर, दुसरा बेंबीच्या खाली ठेवावा. नाकाने साधारण चार सेकंद श्वास घ्यावा, तो बरगड्यांना बाजूंना आणि पाठीकडेही रुंदावतो आहे, पोट आपसूक वर येते आहे आणि बसण्याची दोन हाडे एकमेकांपासून किंचित दूर जात आहेत, याकडे लक्ष द्यावे. मग ओठ थोडे उघडून सहा सेकंदांत श्वास जाऊ द्यावा. पोट आत ओढू नये, ते आपोआप बसेल.

येथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते, माझ्याकडूनही झाली. तळ खाली जायला हवा हे कळले की माणूस शौचाला कुंथावे तसा जोर लावतो. जोर लावणे म्हणजे सैल सोडणे नव्हे; त्याने उलट तळावर दाब येतो आणि मूळव्याध किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांना ते बाधते. वाळत घातलेल्या ओल्या चादरीच्या मध्यभागी वारा भरावा आणि ती आपल्या आपण फुगावी, इतकेच हे घडायला हवे. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवले नाही तरी चिंता करू नये. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे पुरेत; चक्कर आल्यासारखे वाटले तर श्वास फार खोल घेतला जातो आहे असे समजून नेहमीच्या श्वासावर यावे.

हा श्वास एकदा जमला की त्याला दिवसात विखरून टाकावे. नागपुरातल्या मोठ्या चौकांत सिग्नलवर सेकंद उलटे मोजले जातात; मी तो वेळ वापरते. जबडा आवळलेला आहे का, खांदे कानांकडे गेले आहेत का, पोट आत ओढलेले आहे का, पुठ्ठे घट्ट आहेत का, हे वरून खाली तपासत यायचे आणि प्रत्येक ठिकाणी एक श्वास सोडायचा. शंकरनगर ते सीताबर्डी एवढ्या वाटेत अशी तीन-चार तपासण्यांची संधी सहज मिळते, आणि प्रत्येक वेळी काही ना काही आवळलेले सापडते, हे मला आजही चकित करते.

ताण सोडणारी आसने

नागपूरकरांना आसने नवी नाहीत. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाची शिकवण इथे घराघरांत पोहोचलेली आहे आणि मोहल्ल्यातल्या उद्यानांत सकाळी चटया अंथरलेल्या दिसतात. पण आपल्याला इथे आसनाची पूर्ण स्थिती गाठायची नाही, तर त्या स्थितीत श्वासाने तळाला जागा करून द्यायची आहे, म्हणून उशा, लोड, घडी केलेली चादर यांचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये.

सुरुवात मार्जारासनाने करावी. हात-गुडघ्यांवर येऊन श्वास घेताना माकडहाड वर व पाठ किंचित खाली, श्वास सोडताना पाठ गोल, असे आठ-दहा वेळा, दुखणार नाही एवढ्याच मर्यादेत. मग गुडघे रुंद ठेवून, छातीखाली लोड घेऊन बालासनात विसावावे आणि पाठीच्या खालच्या भागात श्वास भरत एक-दोन मिनिटे राहावे. त्यानंतर पाठीवर झोपून एक गुडघा काखेच्या दिशेने आणावा, छातीच्या मध्यावर नव्हे. दोन्ही गुडघे असे रुंद आणून मांड्यांच्या मागून धरले की ते आनंदबालासनाचे सोपे रूप होते. खुब्याच्या त्या जोडलेल्या स्नायूसाठी, पाठीवर झोपलेल्या स्थितीतच उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून डावी मांडी आपल्याकडे ओढावी, पुठ्ठ्यात खोल ताण जाणवेल. अर्ध्या मिनिटाने बाजू बदलावी. शेवटी तळपाय एकमेकांना जोडून, गुडघ्यांखाली दोन्हीकडे उशा ठेवून पडून राहावे, म्हणजे सुप्त बद्धकोणासन.

मलासनाबद्दल थोडे अधिक. उकिडवे बसणे हा या तळाला उघडण्याचा सर्वांत नैसर्गिक मार्ग आहे, पण गुडघ्याची झीज असणाऱ्यांनी किंवा टाचा उचलल्या जातात अशांनी ओढूनताणून ते करू नये. भिंतीला पाठ टेकवून, दोन पाट एकावर एक ठेवून त्यांवर बसले तरी काम होते. कुठल्याही ताणात वेदनेचा अंक दहापैकी तीनच्या वर जात असेल, किंवा पायात मुंग्या व चमक उतरत असेल, तर ते आसन त्या दिवसापुरते सोडावे. एकूण वीस मिनिटांच्या वर जाऊ नये. अतिउत्साहाने केलेला ताणही स्नायूला धोकाच वाटतो, आणि मग तो आणखी आखडतो.

संडासातील शिस्त

आपल्या जुन्या घरांतली भारतीय बैठक या बाबतीत कमोडपेक्षा सरस होती. मलाशयाच्या टोकाला मागून वेढा घालणारा स्नायूचा एक पट्टा एरवी ती नळी पुढे ओढून दुमडलेली ठेवतो आणि उकिडवे बसले की तो पुष्कळ सैल पडून वाट सरळ होते. फ्लॅटमध्ये कमोडच असेल तर पायांखाली वीतभर उंचीचे, साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचे स्टूल घ्यावे, गुडघे खुब्यांच्या वर येऊ द्यावे, कोपरे मांड्यांवर टेकवावी आणि पाठ सरळ ठेवून पुढे झुकावे. कुंथण्याऐवजी आरशावर वाफ सोडावी तसा तोंडाने श्वास सोडत राहावे. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे, आणि मोबाइल बाहेरच ठेवावा. सकाळी चहा किंवा न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतड्यांना आपोआप जोर येतो. ती वेळ घाईत टाळली की दिवसभर कुंथणे आले. मला यासाठी घरातला सकाळचा क्रम वीस मिनिटांनी मागे न्यावा लागला आणि तो या सगळ्या खटाटोपातला सर्वांत लाभाचा बदल ठरला.

लघवीच्या बाबतीत उलटसुलट दोन सवयी एकाच वेळी असतात. बाहेर स्वच्छ जागा मिळणार नाही म्हणून घरातून निघताना गरज नसताना जाऊन यायचे, आणि मग कार्यालयात किंवा अमरावतीच्या बसमध्ये तासन्तास रोखून धरायचे. पहिल्याने मूत्राशयाला थोड्याशा लघवीतच इशारा देण्याची सवय लागते आणि दुसऱ्याने तळ आवळलेला राहतो. जागेपणी साधारण अडीच ते चार तासांनी जाणे योग्य. सार्वजनिक ठिकाणच्या कमोडवर अधांतरी बसू नये, कारण मांड्या आणि पुठ्ठे ताठ असताना तळ सुटू शकत नाही. कागद पसरून नीट टेकावे, किंवा भारतीय बैठक असल्यास ती निवडावी. धार सुरू होत नसेल तर जोर न लावता दोन-तीन श्वास घ्यावे आणि वाट पाहावी. धार मध्येच रोखून पाहण्याचा व्यायाम पूर्वी सर्रास सांगत; तो करू नये.

नागपूरचा उन्हाळा आणि ताट

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळतो तेव्हा घामावाटे गेलेले पाणी भरून निघाले नाही, तर लघवी गडद होऊन मूत्राशयाला चुरचुरते, मल कडक होतो आणि तळाला आवळण्याची दोन-दोन कारणे मिळतात. लघवीला वारंवार जावे लागते म्हणून पाणी कमी पिणारे लोक याच फासात अडकतात. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील एवढे पाणी, ताक, पन्हे, आंबील असे थोडे थोडे दिवसभर घ्यावे, एका दमात लोटाभर नव्हे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. याच काळात औषधाच्या दुकानातून कंबरदुखीची गोळी आणून रोज घेण्याचा धोकाही वाढतो, कारण शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला अधिक इजा करू शकतात.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जावेत, आणि त्यासाठी वैदर्भीय ताट पुरेसे आहे: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, सालासकट डाळी, आणि मोसमात रस न काढता फोडींसकट खाल्लेले संत्रे. प्रमाण हळूहळू वाढवावे, नाही तर पोट फुगते. सावजी रस्सा आणि तर्री-पोहे यांच्याशी माझे वैर नाही, पण ज्यांना मूत्राशयाची चुरचुर किंवा गुदद्वाराची चीर आहे त्यांनी दुखणे आटोक्यात येईपर्यंत तर्री वरून न घेता बाजूला ठेवावी आणि चहा-कॉफी दोन कपांवर आणावी. संत्र्यासारख्या आंबट फळांनीही काहींना चुरचुर वाढते. दोन आठवडे बंद करून पाहिले की आपले उत्तर आपल्याला मिळते.

शेकण्याने हे स्नायू छान सैल पडतात. कमरेवर किंवा बसण्याच्या जागेखाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटे, अथवा कोमट पाण्याच्या टबात बसणे. एप्रिल-मेच्या दुपारी हे सुचवणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, म्हणून ते पहाटे किंवा झोपण्यापूर्वी करावे.

कंबर हलती ठेवणे

दुखते म्हणून अंथरुणाला खिळणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगभरात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि डिसेंबर 2023 मध्ये या संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम, आजाराची नीट समज आणि गरजेनुसार मानसोपचार यांची शिफारस केली, तर कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचे ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नये असे सांगितले. आपल्याकडे दर तिसऱ्या घरात खुंटीला लटकलेला पट्टा पाहता हे वाचून कोणाला राग येईल. मीही तो आठ महिने बांधला. आखडलेल्या तळाच्या दृष्टीने पाहिले तर पट्टा घट्ट आवळल्यावर पोटाला फुलायला जागा उरत नाही आणि तो सगळा दाब खाली ढकलला जातो. चकती सरकल्याच्या अहवालानेही घाबरून जाऊ नये. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही वयानुसार असे बदल सर्रास दिसतात.

चालणे हा सर्वांत स्वस्त उपाय. सुरुवातीला दहा मिनिटे, मग दर आठवड्याला थोडी भर घालत अर्ध्या तासापर्यंत जावे. फुटाळ्याचा काठ, अंबाझरी, सेमिनरी हिल्सची सावली, जे जवळ असेल ते. उन्हाळ्यात मात्र सूर्य वर येण्याआधी. चालताना हात मोकळे झुलू द्यावे आणि पोट आत ओढू नये.

दुचाकीवर खड्डा किंवा गतिरोधक दिसला की आपण श्वास रोखून पुठ्ठे आवळतो. वेग कमी करून, श्वास सोडत तो ओलांडावा. ज्यांचा रस्ता मेट्रोच्या मार्गाजवळून जातो त्यांनी दुखण्याचे दिवस आठवड्यातून दोन-तीनदा तरी मेट्रोने काढावे. स्थानकापर्यंतचे चालणे आणि डब्यात उभे राहणे, दोन्ही बसण्यापेक्षा बरे. कार्यालयात दर तीस-चाळीस मिनिटांनी उठावे. पुरुषांनी मागच्या खिशातले पाकीट काढून बसावे, त्याने एक पुठ्ठा सतत वर राहतो.

आणि कूलर! मार्च ते जून कूलरच्या टाकीत रोज बादल्या ओतणाऱ्या घरांत उसण भरण्याचे ते हुकमी निमित्त असते. पाइप लावता आला तर प्रश्नच मिटला. नसेल तर बादली अर्धी भरावी, अंगाशी धरावी, गुडघ्यांत वाकावे आणि उचलण्याच्या क्षणी श्वास सोडावा. श्वास रोखून उचलले की धडाच्या त्या डब्यातला सगळा दाब तळावर आणि कमरेवर आदळतो. गॅसचे सिलिंडर, गव्हाचे पोते, नातवंड, सगळ्यांना हाच नियम.

तज्ज्ञाकडे गेल्यावर

सहा आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा शरीरसंबंधात वेदना, लघवी तुंबणे अशा तक्रारी ठळक आहेत, तर या तळाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतून स्त्रीरोग, मूत्ररोग, शल्यचिकित्सा किंवा अस्थिरोग विभागाचा सल्ला घेऊन संसर्ग, एंडोमेट्रिओसिस, गुदद्वाराची चीर, खुब्याची झीज यांसारखी मूळ कारणे आधी तपासून घेता येतात. मग फिजिओथेरपिस्टला भेटीआधीच सरळ विचारावे: आपण पेल्व्हिक फ्लोअरची तपासणी करता का, आणि आखडलेल्या स्नायूंवर काम करता का? नुसते आवळण्याचे व्यायाम छापलेला कागद हाती पडला, तर तपासल्याशिवाय तो कसा ठरवला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

खरी तपासणी हातमोजा घालून योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून एका बोटाने केली जाते, कारण कुठला स्नायू आखडला आहे आणि कुठे दाबल्यावर ओळखीची वेदना उठते, हे बाहेरून नीट कळत नाही. ती आपल्या संमतीशिवाय होऊ शकत नाही, सोबत घरचे माणूस ठेवता येते, मध्येच थांबा म्हणता येते, आणि नको असल्यास बाहेरूनच उपचार सुरू करता येतात. अविवाहित मुलींच्या बाबतीत तर हे आधी बोलून घ्यावेच. उपचारात हाताने गाठी सैल करणे, पडद्यावर स्नायूचा ताण दाखवणारे बायोफीडबॅक आणि घरचा व्यायाम असे मिश्रण असते. जुने भय किंवा आघात या दुखण्याच्या मुळाशी असेल, तर समुपदेशकाची मदत घेणे हा उपचाराचाच भाग आहे. आणि वेदना होत असताना शरीरसंबंध रेटून नेऊ नये. जोडीदाराला हे स्पष्ट सांगावे, कारण प्रत्येक वेदनेबरोबर तळ आवळण्याचा धडा पक्का होतो.

मग बळ

लघवी-शौच सुकर झाले, टॉवेलावर बसून सोडल्याचे जाणवू लागले, माकडहाडाचा ठणका कमी झाला, की बळ वाढवण्याची वेळ आली असे समजावे. बहुतेकांना येथे पोहोचायला काही आठवडे ते तीन महिने लागतात. आता पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडत पुठ्ठे उचलायचे आणि श्वास घेत खाली यायचे, असा सेतुबंध आठ वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करणे, नंतर उलट. आणि खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे. एक दिवसाआड पुरे. तळ वेगळा आवळावा लागत नाही, श्वास सोडताना तो आपणहून साथ देतो. केगेलचे व्यायाम यानंतरही आवश्यक वाटले, तर तपासून घेऊनच सुरू करावे, आणि त्यांत प्रत्येक आवळण्याच्या दुप्पट वेळ सोडण्याला द्यावा.

मध्येच एखादा वाईट आठवडा येतो. लग्नाचा प्रवास, मार्चअखेरचे काम, पोट बिघडणे, मासिक पाळी, काहीही निमित्त पुरते. त्या दिवसांत बळाचे व्यायाम बंद ठेवून पाय खुर्चीवर ठेवलेला श्वास, शेक आणि दहा मिनिटांचे चालणे एवढ्यावर यावे. दोन-तीन दिवसांत कळ ओसरली की बळाचे व्यायाम पूर्वीच्या निम्म्या संख्येने पुन्हा सुरू करावे, आणि आठवडाभराने ते मूळ संख्येवर न्यावे.